भेग ठेवलेली अंगठी

कोणीही भेटलं की दामिनी आधी त्याच्या बोटांकडे बघायची. चेहऱ्याकडे नंतर.

समोरच्याच्या हातात अंगठी असली तर ती न विचारता फिरवून बघायची. फिरली नाही तर तिथंच साबणाचं पाणी मागवायची. अनोळखी बाई असली तरी.

खडा उजेडात बघायला ती खिडकीशी जायची नाही. थेट रस्त्यात जाऊन उभी राहायची. ऑटोवाले शिव्या द्यायचे. ती परत द्यायची, त्यांच्याहून जाड.

खडा आहे की काच, हे ठरवायला जिभेवर ठेवायची. नंतर तोच खडा ओढणीला पुसून गिऱ्हाइकाच्या तळहातावर द्यायची.

चहा थंड करून प्यायची आणि चहा थंड आहे म्हणून आईवर ओरडायची.

मटणातलं हाड ताटात फोडायची नाही. पाट्यावर नेऊन वरवंट्यानं फोडायची, आणि बराच वेळ बघत बसायची की कुठून फुटलं.

कोणाचं बोट सुजलं, अंगठी मांसात रुतली, की नागपुरातल्या नंदनवन भागातले लोक दवाखान्याच्या आधी तिला बोलवायचे. ती बारीक करवत घेऊन जायची. अंगठी कापताना रक्त आलं तर माणसाला म्हणायची, इकडं पाहू नको, पंख्याकडं पाहा. करवत आरपार गेली की हसायची. अंगठी बनवून झाल्यावर मी तिला तशी हसताना पाहिलं नाही.

दामिनी धकाते माझी शाळेपासूनची मैत्रीण. नंदनवनातल्या घराच्या पुढच्या खोलीत ती रंगीत खड्यांच्या अंगठ्या बनवायची, ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत अशा लोकांसाठी. यंदाच्या फेब्रुवारीत तिला मारलं. मी त्या खोलीत होते.

हे काम ती इतवारीत एका सोनाराकडे शिकली. पुढे स्वतःचं टेबल टाकलं. लोक मोबाइलमध्ये फोटो घेऊन यायचे. कुठल्या तरी नटीच्या हातातली अंगठी, पाचू असलेली, चहूबाजूंनी हिरे. बजेट असायचं एका बऱ्या साडीचं. दामिनी फोटो बघायची आणि विचारायची, यातलं नेमकं काय आवडलं? हिरवा रंग? आकार? की नटी? बहुतेक लोक रंग म्हणायचे. मग ती म्हणायची, पैसे रंगात घाला, आकारात घालू नका. छोटा खडा, पण गडद. हिरे सोडा. सोनं सोडा, चांदी घ्या. पाचू सोडा, हिरवा पेरिडॉट बघा. खड्याच्या कोपऱ्यात धुकट रेघ असेल तर तो स्वस्त मिळतो, आणि ती रेघ कोंदणाच्या काठाखाली जाते. कोणाला दिसत नाही. हे ती गिऱ्हाइकाला आधी सांगायची. नंतर कळलं तर लोक चाकू घेऊन येतात, असं म्हणायची. आम्ही त्यावर हसायचो.

तिची एक अट होती. हातानं काम करणाऱ्या माणसाला ती अखंड अंगठी द्यायची नाही. वेल्डर, हमाल, मेकॅनिक, कोणीही. तळहाताच्या बाजूला अंगठी कापलेली असायची. केसभर भेग. दोन्ही टोकं एकमेकांना टेकलेली. बघणाऱ्याला कळायचं नाही. पण अंगठी कशात अडकून जोरात ओढली गेली तर ती उघडायची आणि बोटातून निघून जायची.

ही अट तिच्या बापामुळे होती. जागेश्वरकाका मूळचे उमरेडचे. घरी हातमाग होता. तो बंद पडला तेव्हा नागपुरात येऊन ते पॉवरलूमवर लागले. दामिनी सातवीत होती. डबा घेऊन गेली होती. मोटरचा पट्टा फिरत होता आणि काकांनी त्याच्या पलीकडे हात घातला. लग्नातली अंगठी पट्ट्याच्या जोडात अडकली. काका मागे पडले. बोट पुढे गेलं. यंत्र थांबल्यावर खालच्या कापसाच्या भुशात ते दामिनीलाच सापडलं. अंगठी त्याच्यावर तशीच होती. वाकडीसुद्धा झाली नव्हती.

त्यानंतर काकांना तुटलेला धागा पटकन जोडता येईना. काम गेलं. मग ते घरात मारू लागले. दामिनीला कधीतरी, तिच्या आईला, जनाबाईंना, रोज. दामिनी सांगायची की चार बोटांची चपराक वेगळी लागते, एका जागी जास्त. जनाबाईंचा डावा कान त्यात गेला. एकदा दामिनीनं मध्ये पडून बापाचा हात धरला, तर त्यांनी तिला दारावर आपटलं. भुवईवर तिला टाके होते. काका झोपेत वारले तेव्हा जनाबाईंनी बांगड्या फोडल्या, आणि दामिनी बाहेर ओट्यावर बसून एका अंगठीला पॉलिश करत होती. लोक बोलले. तिनं ऐकून घेतलं.

सौरव मागच्या दिवाळीनंतर आला. प्रताप नगरच्या मागच्या वस्तीतला. बांधकामाचं सामान पुरवणाऱ्या ट्रकवर तो हमाल होता. सिमेंट, सळया, विटा. त्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं आणि मुलीकडचे त्याला घालणार ती अंगठी यांनीच आपल्या पसंतीनं करून घ्यायची होती. बरोबर आई होती, वच्छलाबाई. त्यांना पिवळाच खडा हवा होता. पत्रिकेत गुरू कमजोर आहे, पुष्कराज घाला, असं कोणीतरी सांगितलं होतं.

दामिनीनं बजेट विचारलं. सौरवनं सांगितलं. ती म्हणाली, "भेटते न मावशी एवढ्यात पुष्कराज. फक्त पाहाले भिंग तुम्ही आणा."

वच्छलाबाई हसल्या. त्यांचा उजवा हात मनगटाशी वाकडा होता. हसताना त्यांनी तो पदराखाली घेतला. दामिनीनं ते पाहिलं. मी पाहिलं की तिनं पाहिलं.

तिनं त्यांना सुनेला नावाचा खडा दाखवला. पुष्कराजाऐवजी चालतो तो पिवळा खडा. एक मधाच्या रंगाचा होता, कडेला रेघ असलेला, म्हणून परवडणारा. वच्छलाबाईंनी विचारलं, हा खरा आहे का? दामिनी म्हणाली, सुनेला म्हणून खरा आहे. पुष्कराज म्हणून विचाराल तर नाही. खडा मागून बोटाला लागला पाहिजे, असं वच्छलाबाईंचं म्हणणं होतं. तेही तिनं मान्य केलं. कोंदण मागून उघडं ठेवायचं ठरलं.

मग तिनं तांब्याच्या तारेची नमुन्याची अंगठी केली आणि सौरवला कामावर घालून जायला लावली. काही दिवसांनी तो परत आला. पोत्याच्या शिवणीत अडकते म्हणाला. तिनं कोंदण खाली घेतलं. पुन्हा पाठवला. आता सळयांच्या बांधणीत अडकते म्हणाला. तिनं कडा गोल केल्या. असं चालू राहिलं. मजुरीत तिला काहीच सुटत नव्हतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, तुले कवितेचे किती भेटतात?

अंगठी झाली. बसकी, गोल, वर मधाचा थेंब ठेवल्यासारखी. खाली भेग. सौरवला तिनं भेग दाखवली आणि कशासाठी ते सांगितलं. तो म्हणाला, आईला सांगत नाही, ती उगाच घाबरते. दामिनीनं मान हलवली. साक्षगंध झालं. तिनं आणि मी जाऊन बुंदी खाल्ली.

दर गुरुवारी वच्छलाबाई ती अंगठी कच्च्या दुधातून काढून सौरवच्या बोटात घालायच्या. अशाच एका गुरुवारी दूध भेगेत राहिलं. पांढरी रेघ दिसली. त्या घरात खंडित वस्तू ठेवत नाहीत. फुटकी मूर्ती नाही, तडा गेलेला आरसा नाही. ग्रहाची अंगठी खंडित म्हणजे तर मुलाच्या जिवावर. त्यांनी गल्लीतल्या सोनाराकडून डाख लावून भेग बुजवून घेतली. त्यानं वरून पॉलिश मारलं. सौरवला त्यांनी सांगितलं, आणि त्यानं ती तशीच बोटात घातली. आईचं मन निवलं, एवढंच त्याला वाटलं.

जानेवारीत एका साइटवर सळया उतरवून झाल्या आणि सौरवनं ट्रकवरून खाली उडी मारली. ट्रकच्या फाळक्याला साखळीचा आकडा होता. अंगठी आकड्यात गेली. सौरव जमिनीवर आला. बोट वर राहिलं. बरोबरच्या माणसांनी सांगितलं की आवाज ओलं कापड फाटावं तसा आला. सौरवनं आधी हाताकडे पाहिलंच नाही. त्यानं वर पाहिलं, की अंगावर पाणी कुठून पडतंय.

आम्ही त्याला बघायला दवाखान्यात गेलो. दामिनीचा चेहरा दगडासारखा झाला होता. तिला एकच कळत नव्हतं. अंगठी उघडली का नाही? तिनं सौरवची तब्येतही विचारली नाही. थेट हेच विचारलं.

तो पट्टीकडे बघत म्हणाला, "आईनं बंद करून आणली होती."

दामिनी स्टुलावर बसली.

"जितूदादाले सांगजो नको वं," सौरव म्हणाला. "तो आईले मारते. मनगट त्यानंच मोडलं तिचं. हे समजलं तर जीव घेईन तो तिचा."

जितेंद्र त्याचा मोठा भाऊ. त्या घरात पैसा तो आणायचा. दामिनीनं स्टूल खाटेजवळ ओढलं. मग म्हणाली, "नाही सांगत."

सौरवनं उजवा हात वर केला. "हे बोट आहे अजून. याच्यासाठी करून दे."

परतताना ती गाडी वेड्यासारखी चालवत होती. मला वाटलं वच्छलाबाईंवर चिडली असेल. तसं नव्हतं. सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली की त्या बाईची काही चूक नाही. भेग दिसली म्हणून बुजवली. दिसणारी भेग कोणतीही आई बुजवणार. भेग दिसायलाच नको होती.

दुसऱ्या दिवसापासून ती नव्या अंगठीच्या मागे लागली. बाहेरून पूर्ण अखंड. दुधात बुडवा, भिंगातून बघा, काही सापडणार नाही. आतल्या बाजूनं मात्र एका जागी कानशीनं खाच पाडायची. इतकी खोल, की झटका बसला तर अंगठी तिथं तुटेल. इतकी उथळ, की रोजच्या वापरात टिकेल. किती खोल, हे तिला कोणी सांगू शकत नव्हतं. तिनं खाटकाकडून बकरीचे पाय आणले.

पायावर अंगठी चढवायची, अंगठी दाराच्या कडीत अडकवायची, आणि खाली लोंबणाऱ्या पायाला धरून लटकायचं. मला तिनं बकरीचा पाय धरायला लावला. पहिल्या अंगठीची खाच उथळ होती. हाड मोडलं. कातडी मोज्यासारखी निघून माझ्या हातात आली आणि अंगठी कडीत तशीच राहिली. मी ओकले. दामिनीनं हाड उजेडात नेऊन पाहिलं. दुसऱ्या अंगठीची खाच जास्त झाली. बोटात घालून मूठ वळली तेवढ्यानं ती तुटली. जनाबाईंनी त्या पायांचा रस्सा केला. दामिनी दोन वाट्या प्यायली आणि मला म्हणाली, "लेखिकाबाई, घ्या न. तुमचीच मेहनत आहे."

रविवारी दुपारी ती तिसऱ्या अंगठीवर बसली होती. जनाबाई बाजारात गेल्या होत्या. मी खाली सतरंजीवर पेपर वाचत होते. जितेंद्र दारात आला. मागे दोन माणसं होती. त्याला मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण कोण ते कळलं. सौरवचेच डोळे होते.

मुलीकडच्यांनी त्या सकाळी लग्न मोडलं होतं. जितेंद्रनं घरी आईला विचारलं होतं, असं कसं झालं? आणि वच्छलाबाई घाबरून म्हणाल्या होत्या की अंगठी आली तेव्हाच खंडित होती. हे आम्हाला पुढे सौरवकडून कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की त्या माणसाच्या हातात रुमाल आहे आणि रुमालात ती पिवळी अंगठी आहे.

तो थेट टेबलाजवळ आला आणि लाथ मारली. खड्यांच्या डब्या उडाल्या. लाल, हिरवे, जांभळे दाणे फरशीभर पसरले. बरोबरच्या एकानं डाख लावायची गॅसची बत्ती भिंतीवर आपटली. दुसऱ्यानं आरसा फोडला. दामिनी उभी राहिली. ती मागे सरकली नाही.

"माह्या भावाले फुटकी अंगठी काहून देली तू?" जितेंद्रनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "भेग होती म्हणते आई. होती का नाही?"

"होती," दामिनी म्हणाली.

अंगठी ज्यावर चढवून ठोकतात तो निमुळता लोखंडी गज खाली पडला होता. जितेंद्रनं तो उचलला. पहिला घाव तिच्या उजव्या हातावर आला, टेबलाच्या कडेवर. हाड मोडल्याचा आवाज मला आता ओळखता येत होता.

मी ओरडले. अंगठी बंद होती म्हणाले. तुझ्या आईनं डाख लावून बंद केली होती, बघ, तिथं वेगळा रंग आहे, बघ.

तो थांबला. त्यानं रुमाल उघडला. अंगठी उलटी करून डोळ्याजवळ नेली. पॉलिशखाली डाखाची रेघ किंचित पिवळट होती. ती त्याला दिसली. त्याच्या मानेवरची शीर वर आली. "आईनं?" तो म्हणाला. मला नाही, अंगठीला. आणि त्यानं दाराकडे पाहिलं, जायला निघाल्यासारखं.

दामिनी मोडलेला हात पोटाशी धरून उभी होती. तिचे ओठ पांढरे झाले होते.

"हर्षा, गप बस," ती म्हणाली. मग त्याला म्हणाली, "मले वाचवाले खोटं बोलून राहिली ती. भेग माह्या हातून पडली. डाख मीच मारला. तुह्या आईले काय समजते त्यातलं?"

तो वळला.

दुसरा घाव कानाच्या वर बसला. ती सरळ खाली आली, बसल्यासारखी, आणि मग कुशीवर. तिसरा मी पाहिला नाही. मी त्याच्या पायाला धरलं होतं आणि बरोबरचा माणूस माझ्या पाठीत लाथा घालत होता. ते गेले तेव्हा दार उघडंच राहिलं. रक्त खड्यांच्या मधून वाट काढत उंबऱ्यापर्यंत गेलं.

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ती काही दिवस होती. डोळे उघडले नाहीत. जनाबाई उजवा कान तिच्या तोंडाजवळ नेऊन बसायच्या.

जितेंद्रला पारशिवनीला नातेवाइकांकडे पकडलं. मी जबाब दिला. आधी डाखाचं सांगितलं नाही, मग सांगितलं. तोवर तो आत होता. आता त्या घरात कोणी कोणाला मारत नाही.

तेरवीला सौरव आला. वच्छलाबाई मागे होत्या. त्या जनाबाईंपुढे बसल्या आणि जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. दूध, रेघ, सोनार. मुलाला काय सांगितलं ते. आजूबाजूच्या बायका थांबून ऐकत होत्या. मला वाटलं जनाबाई आता तिच्या झिंज्या धरतील. मला ते हवं होतं.

जनाबाईंनी सगळं ऐकलं. मग त्यांच्या वाकड्या मनगटाकडे बोट करून विचारलं, "थंडीत दुखते का हा?"

वच्छलाबाई म्हणाल्या, दुखते.

पोलिसांनी गज, रुमाल आणि सुनेल्याची अंगठी नेली. खडे जनाबाईंनी आणि मी फरशीवरून वेचले, धुतले, रंगाप्रमाणे डब्यांत भरले. गिऱ्हाइकांचे होते ते परत केले. टेबल सरळ केलं. टेबलाच्या लाकडी चिमट्यात तिसरी अंगठी अजून घट्ट बसलेली होती. सगळं उडालं, तेवढी राहिली.

मी ती काढून पाहिली. साधी चांदी. उजव्या हाताच्या मापाची. कोंदणाची जागा मोकळी आहे. बाहेरून एकही ओरखडा नाही. आतल्या बाजूनं तिनं खाच सुरू केली होती. एका कडेकडून ती निम्म्यापर्यंत आली आहे आणि तिथं थांबली आहे. पुढचा भाग गुळगुळीत आहे. सौरवनं ती मागितली. अशीच दे म्हणाला. मी दिली नाही, कारण अशी ती तुटणार नाही. आणि खाच अजून किती खोल न्यायची, ते तिलाही अजून कळलेलं नव्हतं.